मन्मथप्पांची मानवजात

मन्मथप्पांच्या दुकानात पाव किलो साखर घ्यायला गेलं, की मानवजातीचं पुढे काय होणार ते आधी ऐकून घ्यावं लागे. साखर मग मिळे.

आष्टीच्या हायस्कुलात बदली होऊन आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बायकोनं चहाचं आधण ठेवलं आणि मला साखरेला पिटाळलं. पेठेच्या कोपऱ्यावर एक जुनं किराणा दुकान होतं. गादीवर एक सडपातळ गृहस्थ बसलेले, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी साखर तोलली, पुडी बांधायला रद्दीतला एक कागद ओढला, आणि बांधायचं सोडून चष्मा लावून तो वाचायला लागले. मी थांबलो. ते वाचतच राहिले. मी खाकरलो.

"दम धरा," कागदावरची नजर न काढता ते म्हणाले, "मानवजात कड्याच्या टोकावर उभी हाय, आन् तुमाला साखरंची घाई."

मी मानवजातीला मान देऊन गप्प बसलो. कागद उलटून दुसरी बाजू झाली. मग त्यांनी मान हलवली, "ह्यो कागद तुमाला न्हाई" म्हणून तो मांडीखाली सारला, दुसरा ओढला, तोही डोळ्यांखालून घातला आणि त्यात साखर बांधून दिली. घरी आलो तर आधण आटून भांडं करपलेलं. "साखर आणायला गेला होतात का काशीला?" बायको म्हणाली. पुडी सोडली तर आत मोसंबीच्या बागेवर पडणाऱ्या रोगाचा लेख. आमच्याकडे बाग म्हणजे डब्यातली तुळस.

पुढे कळलं, की न वाचलेल्या कागदात पुडी बांधायची नाही हा अप्पांचा नेम होता. नुसतं वाचून भागत नसे, कागद गिऱ्हाइकाला साजेसाही लागे. लग्नाच्या बस्त्याबरोबर किराणा न्यायला कुणी आलं तर त्यात अपघात, दरोडा, निधन यांतलं काही जाता कामा नये. बाळंतिणीसाठी डिंक-खारीक बांधायला ते स्वच्छ, सुखी बातमी शोधत आणि अशी बातमी मिळेपर्यंत बाळाला दात येतील अशी भीती वाटे. शांतता परिषदेच्या बातमीत मीठ बांधत नसत. "मिठाला पानी सुटतं. आधीच टिकंना झालीय ती शांतता."

रोजच्या बोलण्यातही अप्पा सरळ भाषेत फार वेळ राहू शकत नसत. तेल महागलं की "मानवजात संक्रमणावस्थेत हाय." उंदरानं पोतं कुरतडलं की "संहाराची साधनं दिसामाशी वाढायलीत." कुणी शेंगदाण्याच्या भावावरून हुज्जत घातली, की ते तराजू खाली ठेवून शांतपणे विचारत, "आपुन भवितव्याचं काय ठरवलंय?" गिऱ्हाईक बापडं म्हशी पाजून घाईघाईनं आलेलं. ते भवितव्याचं काय ठरवणार?

ही भाषा त्यांना मिळाली कुठून, त्याची हकीकत त्यांनीच मला सांगितली. अप्पा लहान असताना आष्टी निजामाच्या राज्यात होती. हद्द ओलांडली की नगर, तिकडे इंग्रजांचं राज्य. मराठी वर्तमानपत्र आष्टीत यायचं ते रद्दी होऊनच. अप्पांच्या वडिलांचा माल नगरच्या अडत्याकडून येई आणि गुळाच्या ढेपांबरोबर पुड्यांसाठी रद्दीचे गठ्ठे येत. शाळा उर्दूत, घरात कानडी-मराठी, आणि मराठी वाचायला अप्पा शिकले ते या गठ्ठ्यांवर.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बाँबनं शहरंच्या शहरं जळून गेली होती, आणि त्या वेळचे संपादक गावाशी किंवा तालुक्याशी बोलतच नसत. ते एकदम मानवजातीशी बोलत. मानवजातीला दरडावत, तिची समजूत घालत, तिला शेवटची संधी देत. पहिल्या पानावर मानवजात भस्म व्हायची आणि शेवटच्या पानावर तीच मानवजात चंद्रावर बंगले बांधायची. अप्पांनी दोन्ही पानं सारख्याच भक्तीनं मानली.

"तवाचं काय सांगू मास्तर," ते म्हणाले होते, "आमाला कुनी मानसात धरत नव्हतं. सरकारी शिपाई आला तरी 'ए, इकडं ये' म्हनायचा. आन् पुन्यात बसून कुनीतरी छापतोय, 'हे मानवा, उद्याचं जग तुझ्या हातात आहे.' म्या दुकानात इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दुसरं कुनीच नव्हतं. म्हंजे मलाच."

त्या वर्षांचे कागद त्यांनी फाडू दिले नाहीत. वडील ओरडले तेव्हा त्यांनी ते गादीखाली घातले, आणि तेव्हापासून अप्पा मानवजातीच्या भवितव्यावर बसून धंदा करत होते. त्यामुळे गादीला उंची चांगली आली होती.

त्या कागदांपायी त्यांच्या घराण्याचं नुकसानही झालं होतं. एका अंकात छापून आलं, की लवकरच शास्त्रज्ञ अशी गोळी काढणार, जी सकाळी एक गिळली की दिवसभर भूक लागणार नाही. अप्पांनी ते वडिलांना वाचून दाखवलं. वडील त्या वेळी शेजारचं गोदाम घ्यायच्या बेतात होते, इसार द्यायचाच बाकी होता. ते रात्रंदिवस त्या गोळीचा विचार करत राहिले. माणसाला भूकच लागणार नसेल तर तूरडाळ भरून ठेवायची कुणासाठी? त्यांनी बोलणी मोडली. गोदाम दुसऱ्यानं घेतलं, त्याची पुढे माडी झाली. मेडिकलच्या दुकानावरून जाताना अप्पा अजूनही आत डोकावून विचारत, "आली का?" मेडिकलवाला न बघताच म्हणे, "न्हाई अजून."

आता कुणी विचारील, की या माणसाला ताजं वर्तमानपत्र घ्यायला काय झालं होतं? मी विचारलं. स्टँडवर रोज सकाळी पेपर येत होते, हातात पडायला चहाइतकेही पैसे लागत नव्हते. अप्पा हसले. "ताजी बातमी कच्ची असती, मास्तर. कैरी घातली की लगी लोनचं खाता का? मुरू द्यावी. जी खोटी असती ती सडून जाती, खरी तेवढी उरती." म्हणून ते बातमी रद्दी होऊन आली तरच वाचत. कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. सरकारं पडून नवी बसलेली असत आणि अप्पांच्या दुकानात जुन्या सरकारला अजून धोका निर्माण होत असे. कुणी सांगितलंच, की अप्पा, ते तर कधीच मिटलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "छापून येऊ द्या."

माझी त्यांची गट्टी जमली ती थट्टेतून. मी मुद्दाम डिवचायचो. "अप्पा, मानवजात संपणार होती ना?" ते गंभीरपणे म्हणत, "मुदत वाढली." एकदा म्हटलं, "माणसाला पुढे दिवसातून दोनच तास काम पडणार असं तुम्ही म्हणाला होतात. त्याचं काय झालं?" त्या दिवशी पेठेतून ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या चालल्या होत्या. गाड्यांत कडब्याच्या पेंढ्या, पत्रे, भांडी, शेळी, कोंबड्या आणि लेकुरवाळ्या बाया. अप्पा गाड्यांकडे बघत राहिले. "छापलं ते खरंच झालं की," ते म्हणाले. "हितं कुनाला काम ऱ्हाईलंय? काम ऱ्हानार न्हाई हे त्यांनी बराबर लिवलं. मंग पोट कशानं भरायचं ते लिवायचं इसरले."

मला हसू आलं नाही.

पेठेत पहिला एसटीडीचा पिवळा डबा लागला तेव्हा मात्र अप्पांचा आनंद बघण्यासारखा होता. जग लहान होणार, माणूस घरबसल्या सातासमुद्रापार बोलणार, हे त्यांच्या गादीखाली छापून पडलं होतं. नारळ फोडायला बूथवाल्यानं त्यांनाच बोलावलं आणि मोठ्या मनानं म्हणाला, "अप्पा, पयला फोन तुमचा. फुकट. लावा कुठंबी." अप्पांनी हात धुतले, पुसले, रिसीव्हर कानाला लावला. सगळी पेठ बघत होती. ते तसेच उभे राहिले. फोन लावावा असं त्यांना जगात कुणी नव्हतं. आई-वडील गेलेले, भाऊबंद आष्टीतच, लग्न झालेलं नाही. शेवटी बूथवाल्यानंच वेळ सांगणारा नंबर फिरवून दिला. अप्पांनी किती वाजले ते ऐकलं, रिसीव्हर जपून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "आवाज लई साफ हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

त्यानंतरची वर्षं अप्पांना सोसली नाहीत. समोर काचेचं कपाट असलेलं नवं दुकान झालं. शांपू, बडीशेप, चहा, तेल, सगळं चकचकीत पाकिटांत. साखरसुद्धा पातळ पिशवीत, गाठ मारून, घ्या आणि चला. मानवजातीचा चकार शब्द नाही. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि अप्पांचा त्याला विरोध नव्हता. त्यांचं दुःख वेगळंच होतं. "पिलाष्टिकवर वाचायचं काय, मास्तर?" आणि रद्दीचे जे नवे गठ्ठे येत, त्यांतही त्यांना हवं ते सापडेना. सगळीकडे गाड्या, सेल, शेअरचे भाव. एक दिवस त्यांनी सगळा गठ्ठा चाळून बाजूला ठेवला.

"शोधतोय कवाचा," ते म्हणाले. "कुनी मानवजातीला हाक मारलेलीच न्हाई. समदीकडं गिऱ्हाईक, गिऱ्हाईक, गिऱ्हाईक." मग चष्मा काढून म्हणाले, "म्या जल्मभर गिऱ्हाईक बघितलं. मला ठावं हाय, दुकानदार गिऱ्हाइकाचं भवितव्य बगत न्हाई."

शेवटी शेवटी अप्पांचं वाचन पूर्ण ऐकून घेणारं एकच माणूस उरलं होतं. गिरजाबाई. पलीकडच्या कापडदुकानाची जागा त्यांच्या मालकीची, पण नवरा वारल्यावर दुकान भाड्यानं गेलेलं. बाजारच्या दिवशी त्या पिशवी घेऊन येत, डोक्यावरचा पदर सारखा करून पायरीशी उभ्या राहत आणि पाव किलो शाबूदाण्यासाठी मानवजातीची सगळी संकटं शांतपणे ऐकून घेत. मधेच म्हणत, "मंग?" अप्पा सांगत. वाचून संपलं की पुडी घेऊन जात. मला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येत असावं, म्हणून एवढा धीर.

हे मी शेजारच्या रशीदभाई टेलरना गमतीनं बोललो. ते अप्पांच्या वयाचे, एका गल्लीत वाढलेले. त्यांनी मशीन थांबवलं.

"ऐकू बराबर येतं तिला," ते म्हणाले. "तुमाला कुनी बोललं न्हाई? अप्पाची सुपारी फुटली होती तिच्याशी. कडा गावची पोरगी. माझ्या वालिदनी अप्पाचा लग्नाचा कोट शिवायला घेतला होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. लग्न पुढच्या सराईत धरायचं ठरलं होतं. तेवढ्यात नगरहून रद्दीचा गठ्ठा आला. त्यात होतं, की जगातली दोन बडी राष्ट्रं बाँब घेऊन समोरासमोर उभी ठाकली आहेत आणि मानवजातीचे हे शेवटचे दिवस असू शकतात. अप्पा तीन दिवस जेवले नाहीत. मग कड्याला निरोप धाडला, की जगाचं काय ते ठरल्याशिवाय एका पोरीला घरात आणून तिचं वाटोळं करायचं मला पटत नाही, जरा थांबू.

"आन् मजा काय झाली मास्तर," रशीदभाई म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर मजा नव्हती, "ते भांडन तर कवाच मिटलं होतं. पाच-सहा म्हैने झाले होते. गठ्ठाच जुना. रेडिओवाल्यानं सांगितलं, मामलेदारानं सांगितलं. मी पाया पडून सांगितलं, येड्या, मिटलं ते. हा एकच बोलला, छापून येऊ दे. मिटल्याचा कागद आला तवर सराई निघून गेलती. तिच्या बापानं तरी किती थांबावं? हितंच दिली, ह्याच पेठंत."

मग पुन्हा मशीन सुरू करत म्हणाले, "कोट अर्धाच ऱ्हायला."

मी दुकानासमोरून घरी गेलो तेव्हा अप्पा कुणाला तरी जिरं बांधून देत होते. मला हसून हात केला. त्यांच्याकडे नीट बघायची मला लाज वाटली. इतकी वर्षं मी ज्याची थट्टा करत होतो, ते सगळं त्या बाईनं पायरीशी उभं राहून ऐकलं होतं.

पुढल्या वर्षी गिरजाबाईंच्या मुलाला पुण्याकडे नव्या कारखान्यात नोकरी लागली. त्यानं खोली घेतली, लग्न केलं, आणि आईला कायमचं न्यायला आला. दुकानही विकून टाकलं. अप्पांना ही बातमी मुरवायला वेळ मिळाला नाही. रशीदभाईंनी आदल्या दिवशी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी गाडी.

तो नेमका बाजारचा दिवस होता. सकाळी अप्पा माझ्या दारात आले. दुकानाला कुलूप लावून आले होते. बाजारच्या दिवशी त्यांच्या दुकानाला कुलूप मी कधी पाहिलं नव्हतं. अंगात इस्त्रीचा सदरा होता. "ष्टँडपर्यंत येता का?" त्यांनी विचारलं. "मला गाडी कंची ते उमगत न्हाई."

आम्ही गेलो. गाडी लागलेली होती. मुलगा वर टपावर चढून ट्रंक आणि गाद्या बांधत होता. गिरजाबाई खिडकीशी बसल्या होत्या. अप्पांना बघून त्यांनी पदर सारखा केला.

"आलात?"

"आलो."

मानवजातीवर तासन् तास बोलणारा हा माणूस गाडीच्या चाकाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पुन्याला पानी बरं हाय म्हनतेत."

"हां. नळाला येतंय म्हनतो पोरगा."

मी जरा बाजूला सरकलो, पण ऐकू येत होतं. गिरजाबाईच बोलल्या. "अप्पा, एक इचारू का? ती लढाई झाली का हो मंग?"

"कोंची?"

"जिच्यापायी थांबायचं म्हनलावतात."

अप्पांनी वर बघितलं. "न्हाई झाली."

"न्हाईच?"

"न्हाई. मिटलं ते."

"मी लई दिस वाट बघितली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "म्हनलं, लढाई झाली तर समदेच जातेल, आपुनबी जाऊ. आन् न्हाई झाली तर तुमी याल. दोन्हीतलं काईच झालं न्हाई बगा."

अप्पांनी खिडकीची दांडी धरली. "चुकलं माजं, गिरजा."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी वाचून दाखवायचात, ते बरं वाटायचं मला. कशापायी ते न्हाई सांगता येत."

मुलगा खाली उतरून आत आला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. दांडी सुटली, गाडी वळली आणि नगरच्या रस्त्याला लागली. धूळ बसेपर्यंत अप्पा जागचे हलले नाहीत.

"मास्तर, पुनं किती लांब हाय?"

"आता निघालेली गाडी दुपारी पोचते."

"आजच्या आज?"

"आजच्या आज."

"एवढंच?" ते म्हणाले. चंद्र किती दूर आहे आणि माणूस तिथे कधी पोचणार ते या माणसाला तोंडपाठ होतं. नगरच्या पुढे तो कधी गेलेला नव्हता.

"मग जाऊन या की एकदा," मी म्हणालो. "पुढच्याच आठवड्यात. मी येतो बरोबर."

अप्पांनी विचार केला. मला खरंच वाटलं, आता हो म्हणतील.

"बघू," ते म्हणाले. "तिचं तिकडं जरा बस्तान बसू द्या."

मला त्यांचा इतका राग आला, की भर स्टँडवर त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मग त्यांच्या सदऱ्याकडे लक्ष गेलं. इस्त्री करताना बाहीवर डाग पडला होता, आणि तो झाकायला त्यांनी बाही दुमडून घेतली होती. आम्ही दोघं पेठेकडे चालायला लागलो.